वेब-पत्ता वाचायचा कसा आणि मराठी अक्षरे त्यात बसवायची कशी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणाऱ्या माझ्या एका परिचितांनी दिवाळीच्या तोंडावर ग्राहकांना व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. ती उघडल्यावर त्यांच्या संकेतस्थळावरचे ‘गूळ&काकवी’ या जोडपाकिटाचे पान दिसायला हवे होते. प्रत्यक्षात नुसत्या गुळाची यादी उघडत होती आणि काकवीचा मागमूस नव्हता. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने सर्व्हरकडे बोट दाखवले, सर्व्हरवाल्याने ग्राहकांच्या मोबाइलकडे. दोन दिवसांनी लिंक माझ्याकडे आली, तेव्हा ती उघडूनही न पाहता दोष सांगता आला, कारण तो पत्त्यात डोळ्यांसमोरच होता: मधले ‘&’ हे चिन्ह.

असे पत्ते स्वतः वाचता यावेत, दुरुस्त करता यावेत आणि विशेषतः मराठी शब्द असलेल्या लिंका बिनचूक तयार करता याव्यात, एवढ्यासाठी हा लेख आहे. लेखातली उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष पत्त्यात जिथे रोमन अक्षरे व अंक असतात तिथे त्यांचा उच्चार किंवा देवनागरी रूप दिले आहे, आणि जिथे खरोखरच देवनागरी अक्षर पत्त्यात गेले आहे तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे. ‘एक्झाम्पल.कॉम’ हे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले असल्यामुळे ते कोणाच्या दुकानाचे नाही.

पायरी १ : पत्त्याचे तुकडे पाडणे

वेब-पत्त्याला आपण यूआरएल म्हणतो. त्याची आज चालणारी व्याकरणपोथी म्हणजे जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आरएफसी ३९८६’ हा मानक दस्तऐवज. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली हे त्याच्या तीन लेखकांपैकी एक आहेत. पुढचा पत्ता पाहा:

एचटीटीपीएस://दुकान.एक्झाम्पल.कॉम:४४३/माल/काकवी?वजन=१&क्रम=भाव#पत्ता

पहिल्या ‘:’ पर्यंतचा भाग म्हणजे स्कीम, अर्थात कोणत्या पद्धतीने संपर्क साधायचा याची सूचना. त्यानंतरच्या दोन तिरक्या रेघांपासून पुढच्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत डोमेनचे नाव आणि हवा असल्यास पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा, क्रमांक असतो. एचटीटीपीएससाठी ४४३ आणि साध्या एचटीटीपीसाठी ८० हे पोर्ट गृहीतच असल्याने ते सहसा लिहिलेले दिसत नाहीत. मग ‘?’ येईपर्यंत मार्ग, ‘?’ पासून ‘#’ पर्यंत क्वेरी आणि ‘#’ च्या पुढे फ्रॅगमेंट. पत्ता कितीही लांबलचक असला तरी या पाच खणांपलीकडे सहावा खण नसतो. त्या दोन तिरक्या रेघांविषयी एवढेच, की त्या नसत्या तरी चालले असते, असे खुद्द बर्नर्स-ली यांनी नंतर मान्य केले आहे.

प्रत्येक पत्त्याला या रेघा लागतातच असेही नाही. फोन लावणारी ‘टेल:’ आणि पत्र लिहिणारी ‘मेलटू:’ या स्कीमांचे काम नुसत्या ‘:’ वर भागते. याउलट चहाच्या गाड्यावरचा पैसे घेण्याचा क्यूआर कोड उलगडला, तर आतून निघणारा मजकूर याच घडणीचा असतो:

यूपीआय://पे?पीए=दुकान@बँक&पीएन=गूळ%२०भांडार&एएम=१५०&सीयू=आयएनआर

पीए म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, पीएन म्हणजे नाव, एएम म्हणजे रक्कम आणि सीयू म्हणजे चलन. नावातल्या दोन शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी ‘%२०’ का आले आहे, ते चौथ्या पायरीत येईल.

पायरी २ : मालक कोण ते ओळखणे

कोल्हापुरात पत्ता सांगताना आपण घरापासून सुरुवात करतो: अमक्याचा वाडा, तमक्या तालमीच्या मागे, शिवाजी पेठ, कोल्हापूर. लहानाकडून मोठ्याकडे. डोमेनचे नावही असेच डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठे असते. मार्गाचा भाग मात्र नेमका उलटा, म्हणजे मोठ्या कप्प्याकडून लहान कप्प्याकडे जातो. एकाच ओळीत दोन दिशा असल्यामुळे माणसे फसतात, आणि फसवणाऱ्यांचा धंदा याच गोंधळावर चालतो.

म्हणून नियम असा ठेवावा: दोन तिरक्या रेघांनंतरची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी, तिथे बोट ठेवावे आणि तिथून डावीकडे वाचत यावे. पुढचा पत्ता पाहा:

एचटीटीपीएस://अमुकबँक.बँक.इन.केवायसी.एक्झाम्पल.कॉम/लॉगिन

घाईने डावीकडून वाचणाऱ्याला हा बँकेचा पत्ता वाटेल. बोट ठेवून उजवीकडून वाचले तर आधी ‘कॉम’, मग ‘एक्झाम्पल’ येते, आणि मालक तिथेच ठरतो. त्याच्या डावीकडचे सगळे शब्द त्या मालकाने स्वतःच्या मर्जीने लिहिलेले असतात. दुकानाच्या पाटीवर कोणीही काहीही रंगवावे, तसेच हे आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ‘बँक.इन’ या स्वतंत्र विभागाखालची डोमेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्वीकारण्यास सांगितले. त्याचा ग्राहकाला उपयोग तेव्हाच, जेव्हा ‘बँक.इन’ त्या एकेरी रेघेला अगदी खेटून आलेले असते. ‘सीओ.इन’ सारख्या विभागांत मात्र मालकाचे नाव आणखी एक तुकडा डावीकडे सरकते, हे ध्यानात ठेवावे.

याच भागातला दुसरा सापळा ‘@’ या चिन्हाचा आहे. डोमेनच्या आधी ‘@’ लावून वापरकर्त्याचे नाव देण्याची जुनी सोय आहे. त्यामुळे ‘एचटीटीपीएस://अमुकबँक.बँक.इन@एक्झाम्पल.कॉम’ या पत्त्यात ‘@’ पूर्वीचा सगळा भाग केवळ नावापुरता उरतो आणि ब्राउझर जातो एक्झाम्पल.कॉमकडे. एचटीटीपीएस दिसले म्हणजे वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही एवढीच खात्री मिळते. पलीकडचा माणूस सज्जन आहे, अशी हमी त्यात नसते.

पायरी ३ : मार्ग, क्वेरी आणि फ्रॅगमेंट

स्कीम आणि डोमेन यांत रोमन लहान-मोठ्या लिपीचा फरक मानला जात नाही. मार्गात मात्र तो अनेक सर्व्हरांवर मानला जातो. त्यामुळे पत्रकावर शोभेसाठी सगळा पत्ता मोठ्या रोमन अक्षरांत छापणे धोक्याचे असते. क्वेरी ही ‘नाव=किंमत’ (किंमत म्हणजे भाव नव्हे, तर त्या नावापुढे दिलेला मजकूर) अशा जोड्यांची माळ असून जोड्या ‘&’ ने ओवलेल्या असतात. फ्रॅगमेंट म्हणजे पानातल्या नेमक्या जागेची खूण. ‘#’ पुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, तो ब्राउझरच वापरतो.

आता काकवीकडे वळू. लिंक अशी होती:

एचटीटीपीएस://दुकान.एक्झाम्पल.कॉम/माल?नाव=गूळ&काकवी

सर्व्हरच्या दृष्टीने ‘&’ म्हणजे एक जोडी संपून दुसरी सुरू झाल्याची खूण आहे. त्यामुळे त्याने ‘नाव’ची किंमत ‘गूळ’ एवढीच घेतली आणि ‘काकवी’ ही दुसरी, किंमत नसलेली जोडी समजून बाजूला ठेवली. सर्व्हरने व्याकरण पाळले होते. पाकिटाच्या नावातले ‘&’ आणि पत्त्याच्या रचनेतले ‘&’ एकसारखेच दिसत असल्याने त्याला दुसरा मार्गच नव्हता. नावात ‘&’ च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असती, तर घोटाळा आणखी आधी झाला असता, कारण व्हॉट्सॲपने लिंक पहिल्या मोकळ्या जागेपाशीच तोडली असती.

पायरी ४ : राखीव चिन्हे आणि पर्सेंट एन्कोडिंग

मानकाने पत्त्यासाठी चिन्हांचे तीन गट केले आहेत. रोमन अक्षरे, अंक आणि ‘-’, ‘.’, ‘_’, ‘~’ ही चार चिन्हे कुठेही निर्धास्त वापरावीत. ‘: / ? # [ ] @’ आणि ‘! $ & ' ( ) * + , ; =’ ही चिन्हे राखीव आहेत, कारण खण पाडण्याचे काम त्यांच्याकडे आहे. ती मजकुराचा भाग म्हणून हवी असतील, तर वेश बदलून आणावी लागतात. उरलेली सर्व चिन्हे, म्हणजे मोकळी जागा, अवतरणचिन्हे आणि आपली संपूर्ण देवनागरी, मूळ रूपात पत्त्यात बसत नाहीत.

वेश बदलण्याची पद्धत, म्हणजेच पर्सेंट एन्कोडिंग, साधी आहे: त्या चिन्हाचा बाइट (संगणकातला आठ शून्य-एकांचा तुकडा) घ्यायचा, तो सोळा-आधारी अंकपद्धतीत दोन अंकांनी लिहायचा आणि आधी ‘%’ लावायचा. या पद्धतीत नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ हे अंक म्हणून येतात. त्यानुसार मोकळी जागा %२०, ‘&’ %२६, ‘/’ %२एफ, ‘?’ %३एफ, ‘#’ %२३, ‘=’ %३डी, ‘+’ %२बी आणि खुद्द ‘%’ हे %२५ होते. परिचितांची लिंक ‘नाव=गूळ%२६काकवी’ अशी केल्याबरोबर पाकीट दिसू लागले. दुरुस्ती एवढीच होती.

‘+’ विषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्याने मलाही एकदा संध्याकाळभर छळले आहे. वेबवरचे फॉर्म भरून पाठवले जातात तेव्हा क्वेरीत मोकळ्या जागेऐवजी ‘+’ लिहिण्याची जुनी रीत आहे. मार्गाच्या भागात मात्र ‘+’ म्हणजे ‘+’ च. परिणामी क्वेरीत ‘फोन=+९१…’ असे लिहिले की सर्व्हरला अधिकचिन्हाऐवजी मोकळी जागा मिळते आणि क्रमांक चुकीचा ठरतो. तिथे ‘%२बी९१…’ असे लिहावे. व्हॉट्सॲपच्या ‘डब्ल्यूए.एमई’ या लिंकेत तर क्रमांक देशाच्या संकेतांकासह, पण ‘+’ शिवायच द्यायचा असतो. मोकळ्या जागेसाठी सरसकट %२० वापरले, तर मार्गात आणि क्वेरीत दोन्हीकडे ते चालते.

पायरी ५ : मराठी अक्षराचे बाइट

देवनागरी अक्षराला %२६ सारखा एकच तुकडा पुरत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीचा गट ०९०० ते ०९७एफ या क्रमांकांचा आहे, आणि हे क्रमांक बाइटांत उतरवण्याची वेबवरची सर्वमान्य रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

‘क’ चा क्रमांक ०९१५ आहे. द्विमान पद्धतीत तो ०००० १००१ ०००१ ०१०१ असा लिहिला जातो. या सोळा अंकांचे डावीकडून चार, सहा आणि सहा असे गट केले की ००००, १००१०० आणि ०१०१०१ मिळतात. पहिल्यापुढे १११० आणि उरलेल्या दोघांपुढे १० असे जोडले की १११०००००, १०१००१०० आणि १००१०१०१ हे तीन बाइट तयार होतात. सोळा-आधारी पद्धतीत ते ई०, ए४, ९५ असे दिसतात. म्हणून पत्त्यात ‘क’ म्हणजे %ई०%ए४%९५. एकदा हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा. दहा मिनिटे लागतात आणि नंतर लिंकेतली टक्क्यांची जत्रा पाहून दडपण येत नाही.

आता ‘कोल्हापूर’ घेऊ. आपल्या कानाला चार अक्षरे ऐकू येतात, पण संगणकाकडे क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी नऊ चिन्हे असतात. वाचण्याच्या सोयीसाठी मध्ये जागा सोडून ती अशी दिसतात:

%ई०%ए४%९५ %ई०%ए५%८बी %ई०%ए४%बी२ %ई०%ए५%८डी %ई०%ए४%बी९ %ई०%ए४%बीई %ई०%ए४%एए %ई०%ए५%८२ %ई०%ए४%बी०

नऊ चिन्हांचे सत्तावीस बाइट आणि प्रत्येक बाइटाला तीन जागा, म्हणजे एकूण ८१ जागा. रोमन स्पेलिंग ८ जागांत बसते. ब्राउझरच्या पत्तापट्टीत सुबक ‘कोल्हापूर’ दिसते आणि कॉपी करून चिकटवल्यावर हे रामायण उतरते ते याचमुळे. पट्टीत दिसतो तो उलगडलेला पत्ता, तर सर्व्हरकडे प्रवास करतो तो हा लांब पत्ता. लिंक बिघडलेली नसते.

या रचनेतून एक ओळखखूणही मिळते. पत्त्यात %ई०%ए४ किंवा %ई०%ए५ वारंवार दिसले, तर तिथे देवनागरी मजकूर आहे असे न उलगडताही सांगता येते.

संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत मराठी शीर्षक दिले की पत्त्यातला शीर्षकाचा तुकडा एन्कोड केलेल्या २०० जागांपाशी कापला जातो. प्रत्येक चिन्हाला नऊ जागा धरल्या, तर साधारण बावीस चिन्हेच मावतात. ‘पंचगंगेच्या काठावरील गुऱ्हाळांचा हंगाम’ असे शीर्षक मधेच तुटलेले दिसेल. त्यामुळे हा तुकडा आपोआप तयार होऊ न देता दोन-तीन शब्दांत स्वतः लिहावा.

पायरी ६ : सारखे दिसणारे, पण वेगळे असलेले शब्द

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, आणि मराठी माणसाला नडतो तो नेमका हाच. ‘पांढऱ्या रश्श्याची कृती’ असे पान तयार केले आहे असे समजा. ‘पांढऱ्या’ मधला अर्धचंद्री र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झेडडब्ल्यूजे’ हे अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पत्त्यात मात्र पहिल्याची आठ चिन्हे व ७२ जागा होतात, दुसऱ्याची नऊ चिन्हे व ८१. पान एका प्रकारे साठवले आणि कोणी दुसऱ्या प्रकारे टंकलेला पत्ता पाठवला, तर ‘पान सापडले नाही’ हेच उत्तर येणार. पत्त्यात %ई२%८०%८डी दिसले, की ते अदृश्य चिन्ह तिथे बसले आहे असे समजावे.

‘ॲ’ ची गोष्ट अधिक अवघड आहे. एक स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन लिहिण्याची सवय होतीच. हे दोन्ही पर्याय युनिकोडच्या सामान्यीकरणानंतरही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेनंतरही) एक होत नाहीत. माझे मत असे, की ज्या शब्दांत ॲ किंवा अर्धचंद्री र आहे ते शब्द पत्त्यात घेऊच नयेत. ‘रस्सा-कृती’ एवढे पुरते.

छापखान्यातून आलेल्या मजकुराबाबत आणखी एक सावधगिरी. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कागदावर मराठी दिसत असला, तरी आत रोमन अक्षरांचीच भेळ असते. तो जसाच्या तसा पत्त्यात चिकटवू नये, मोबाइलवरच्या मराठी कळफलकाने पुन्हा टंकावा.

पायरी ७ : एन्कोडिंग प्रत्यक्ष करणे

हाताने हिशेब समजून घेण्यासाठी करावा, रोजचे काम साधनांवर सोपवावे. गुगल शीट्समध्ये मालाची नावे एका स्तंभात असतील, तर शेजारच्या खणात =एन्कोडयूआरएल(ए२) हे सूत्र रोमन अक्षरांत लिहावे आणि खाली ओढावे. मिळालेला तुकडा मग उरलेल्या पत्त्याला जोडावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत्येक किंमत वेगळी एन्कोड करायची, मग पत्ता जुळवायचा. संपूर्ण पत्ताच त्या सूत्रात घातला, तर ‘://’ सुद्धा %३ए%२एफ%२एफ होऊन बसते आणि पत्ता पत्ता राहत नाही. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी किंमतीसाठी ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ वापरावे. ‘एन्कोडयूआरआय’ हे पूर्ण पत्त्यासाठी असल्याने ते ‘&’ ला हात लावत नाही, आणि काकवी पुन्हा हरवते. पीएचपीमध्ये ‘रॉयूआरएलएन्कोड’ %२० देते, तर ‘यूआरएलएन्कोड’ ‘+’ देते.

एकदा एन्कोड केलेला तुकडा पुन्हा एन्कोड होणे, हा नेहमीचा अपघात आहे. तेव्हा ‘%’ चेच %२५ होते आणि %२० चे %२५२०. पत्त्यात %२५ नंतर लगेच ‘ई०’ किंवा ‘२०’ दिसले, तर दोनदा एन्कोडिंग झाले आहे हे नक्की. बहुधा शीटमध्ये एकदा आणि संदेश पाठवणाऱ्या प्रणालीत दुसऱ्यांदा. त्यातले एक काढून टाकावे. दोनदा उलगडण्याची तोड शोधत बसू नये, कारण मग ज्याच्या नावात खरेच ‘%’ आहे तो माल बिघडतो.

पायरी ८ : डोमेनच मराठीत असेल तर

डोमेनच्या नावाला टक्क्यांची पद्धत लागू होत नाही. तिथे प्युनीकोड नावाची वेगळी रीत चालते, जी २००३ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरी तुकडा ‘एक्सएन--’ ने सुरू होणाऱ्या रोमन तुकड्यात बदलतो. २०१४ पासून नोंदणीसाठी खुला असलेला देवनागरी ‘.भारत’ हा विभाग यंत्रांना ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा दिसतो. डोमेनचा प्रत्येक तुकडा या बदललेल्या रूपात ६३ अक्षरांच्या आत राहावा लागतो. इतर लिपींतली हुबेहूब दिसणारी अक्षरे वापरून फसवणूक होऊ शकते, उदाहरणार्थ रोमन आणि सिरिलिक ‘ए’. त्यामुळे ब्राउझर संशयास्पद नावे मुद्दाम ‘एक्सएन--’ रूपातच दाखवतात. ओळखीच्या नावाऐवजी अचानक तसे दिसले, तर पुढे जाऊ नये.

पायरी ९ : छापण्याआधीची तपासणी

लिंक फ्लेक्सवर किंवा पाकिटावर जाणार असेल, तर ती ज्या मोबाइलवर तयार झाली त्यावर तपासणे पुरेसे नाही. दुसऱ्या मोबाइलवर, खासगी विंडोत, संदेशातून दाबून पाहावी. लिंकेला चिकटून पूर्णविराम किंवा कंस ठेवू नये, कारण काही ॲप तो पत्त्याचाच भाग समजतात. वाचून टंकायच्या पत्त्यात देवनागरी न घेतलेली बरी, कारण सहाव्या पायरीतला घोळ तिथे हमखास होतो. दाबायच्या लिंकेत मात्र देवनागरीला काहीच हरकत नाही.

क्यूआर कोडाबाबत ८१ जागांचा हिशेब पुन्हा आठवावा. मजकूर जितका लांब तितके चौकोन जास्त आणि बारीक. परिचितांच्या पाकिटावरचा पहिला नमुना जेमतेम दीड सेंटिमीटरचा होता. त्यात ‘गूळ%२६काकवी’ मधली देवनागरी एन्कोड होऊन गेली होती, आणि चकचकीत प्लॅस्टिकवर माझ्या मोबाइलने तो तीनदा नाकारला. सर्व्हरवर त्यांनी ‘/जीके’ असा दोन रोमन अक्षरांचा मार्ग करून घेतला. तो मार्ग पुढे खऱ्या, लांब पत्त्याकडे वळतो. त्याचा कोड त्याच दीड सेंटिमीटरात मोठ्या चौकोनांचा आला आणि यार्डातल्या पिवळ्या बल्बखालीही पहिल्या झटक्यात वाचला गेला.